पेणची बाई मागे बसली

माझी सून रोह्याच्या वाचनालयात मुलांना हवं ते पुस्तक कसं शोधायचं ते शिकवते. पेणच्या वाचनालयातली बाई एकदा तिचं शिकवणं बघायला आली. मीही कोपऱ्यात होते. बाई मांडी घालून मागे बसली. सुनेकडे बघेचना, मुलांकडेच बघत राहिली.

शेवटी म्हणाली, "छान बोलतेस गो. पण पुस्तक सगळा वेळ तुझ्याच हातात. पोरं शोधणार कधी?"

आता ही फुगणार, असं मला वाटलं. घरी मी आमटीत मीठ कमी म्हटलं तरी दिवसभर बोलत नाय. पण सुनेने पुस्तक कपाटात ठेवलं आणि मुलांना म्हणाली, "शोधा." मुलं कपाटाला भिडली.

बाई हसली. "आता तू पेणला ये. माझ्या चुका काढ."

मी म्हटलं, "जपून बोलवा, बाई. माझी सून हाय ती."