सोनेरी घोड्याची तीट

लिहिणं हे माझं काम नव्हे, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि तिथंही शिकलो ते जनावरांचं खाणंपिणं. मनातलं कागदावर कसं उतरवायचं ते राहूनच गेलं. तरी बसलोय, कारण आज सकाळी इथं परदेशात, शहराच्या कडेच्या ब्लँचर्डस्टाउनला शॉपिंग सेंटरसमोर बसची वाट बघत होतो, कुणीतरी रस्त्याकडेचं गवत कापत होतं, आणि त्या ओल्या, गोडसर वासानं मला एका जागी उभं राहवेना. बस आली, गेली. मी थांब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. गेले काही दिवस असंच चाललं होतं. फोन सारखा हातात, आणि जे यायला हवं ते त्यात येत नव्हतं.

गेल्या वर्षी याच सुमारास मी इथून दूर पश्चिमेला, कासलबारच्या पलीकडे, घोड्यांची पैदास करणाऱ्या एका छोट्या फार्मवर प्लेसमेंटला, म्हणजे कॉलेजतर्फे काम शिकायला होतो. फार्म सत्तरीतल्या एका बाईंचं. पहिल्या दिवशी त्यांना 'मॅम' म्हणालो, तर म्हणाल्या, "मी काय राणी आहे का रे? नावानं हाक मार." ते काही तोंडून निघेना. मग मी त्यांना काहीच म्हणत नसे; समोर जाऊन घसा खाकरायचो. मनात मात्र मावशी म्हणायचो.

मावशींकडे चार हाफलिंगर घोड्या होत्या. आल्प्सच्या डोंगरातली ही जात. ठेंगणी, भरीव, सोनेरी अंगाची आणि पांढऱ्या आयाळीची. मावशींचे यजमान गेले, पाठोपाठ पैदाशीचा म्हातारा घोडाही गेला, आणि त्यानंतर त्या कुरणात शिंगरू बागडलं नव्हतं. शेवटचा प्रयत्न म्हणून तिकडून तीन वर्षांचा एक नर येणार होता. त्याच्यापासून शिंगरू झालं तर ठीक; नाहीतर घोड्या विकून इकडे शहरात, टॅलाला लेकीकडे राहायला जायचं, असं ठरलं होतं. "लेकीकडेही बाग आहे हो," असं म्हणून त्या दोन्ही हात पसरून त्या बागेची रुंदी दाखवायच्या.

तो आला तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. हॉर्सबॉक्सच्या उतरत्या फळीवरून तो खाली येऊ लागला आणि वाटलं, कुणी उजेडालाच दोरी बांधून अंगणात आणतंय. मावशींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, खूर बघितले, छाती बघितली. म्हणाल्या, "वाईट नाही."

एवढंच. मला राहवलं नाही. "वाईट नाही? अहो, किती देखणा आहे! इतका सुंदर घोडा मी जन्मात पाहिला नाही!"

मावशींचा चेहरा उतरला. "गॉड ब्लेस हिम," त्या घाईनं पुटपुटल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हण. आधी तू म्हण." मी म्हणालो, पण उशीर झाला होता. देवाचं नाव न घेता जनावराचं कौतुक करायचं नाही, ही तिथली रीत.

मला हे ठाऊक नसावं? आमच्याकडे नवी म्हैस आली की आई दारातच तिच्या पायांवर पाणी घालायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची, आणि कासेचं कौतुक करणाऱ्या शेजारणीकडे अशी बघायची की ती बिचारी चहा न घेताच जायची. पण मी विमानात बसून आलो होतो. इतक्या लांब दृष्ट पोचत नसेल, असं मीच धरून चाललो होतो.

त्या दिवसापासून तो खाईना. कुंपणाच्या कडेनं नुसता येरझारा घालायचा, डोंगर शोधत असल्यासारखा. तिथं मातीची काळी पट्टी पडली. ज्याच्याविषयी बोलायचं त्या गड्याबाप्याला तिकडे 'युअर मॅन' म्हणतात, मग तो घोडा का असेना. मावशी रोज विचारायच्या, "युअर मॅननं खाल्लं का काही?" मी मान हलवायचो. शेवटी धीर करून आईची तीट सांगितली. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी खुरांना लावायच्या काळ्या डांबराचा डबाच पुढे केला. "लाव की. बघत काय बसलास?" मी त्याच्या कानामागे बोटभर ठिपका लावला.

तो खाऊ लागला तो तिटीमुळे, असं मी म्हणणार नाही. त्याच दिवशी मावशींनी सगळ्यांत म्हातारी घोडी शेजारच्या कुरणात आणून सोडली होती. सोबत मिळाली की जनावर रुळतं. माणसाचंही तेच असावं. इथल्या खोलीत मी अजून येरझारा घालतो, फक्त गालिच्यावर पट्टी पडत नाही.

प्लेसमेंट संपली, मी इकडे शहरात परतलो. उन्हाळा सरता सरता कळलं, एक घोडी गाभण आहे. हिवाळाभर मी धीर धरला. आता विण्याचे दिवस उलटून गेले होते आणि मावशी काही कळवत नव्हत्या. मीही विचारत नव्हतो. विचारण्यानंसुद्धा नजर लागेल असं वाटायचं. जे मागे टाकून आलो म्हणून मिरवत होतो, तेच इतकं घट्ट धरून बसलो होतो.

दुसरी बस आली, मी चढलो, आणि फोन थरथरला.

"पहाटे झालं. मादी. उभी राहिली, दूध प्यायली. वाईट नाही. लेकीला कळवलंय, तुझी बाग तुलाच लखलाभ."

खाली फोटो होता. आईच्या पोटाला चिकटलेलं, अजून ओलं, सोनेरी शिंगरू. कानामागे डांबराचा काळा ठिपका.