तातेरावांच्या हातचं औषध

कुरुंद्यात तातेरावांना नावानं हाक मारणारे थोडे, ‘डॉक्टर’ म्हणणारेच जास्त. खरं तर ते जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, सुया उकळायच्या, बैल आडवा पाडून धरायचा, हे त्यांचं काम. पण एकोणतीस वर्षांत डॉक्टर बदलत राहिले आणि तातेराव राहिले. बघून बघून हात तयार झाला. म्हैस अडली, की ओला लसूणघास खाऊन गाय फुगली, की लोक आधी त्यांच्या दारात यायचे. सायकलच्या हँडलला बॅग अडकवून ते निघाले की समोरच्याची निम्मी चिंता तिथंच मिटायची. ‘मला यातलं कळत नाही’ असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांच्यावर तशी वेळच आली नव्हती.

२००३ च्या मे महिन्यात डॉक्टरसाहेबांची बदली गडचिरोलीकडे झाली. सामान ट्रकमध्ये चढलं आणि साहेबांच्या बाईंनी बुटांचं एक खोकं आणून तातेरावांच्या हातात दिलं. आत एक पांढरं पिल्लू होतं. वाटीत मावेल एवढा ससा, कान बोटाच्या दोन पेरांएवढे.

“माझ्या भावानं हैदराबादहून आणून दिलं. आठवडाच झाला,” बाई म्हणाल्या. “दीड महिन्याचं आहे. या उन्हात एवढा प्रवास त्याला झेपायचा नाही. तुमच्याशिवाय कुणाकडं देऊ?”

साहेबांनी ट्रकजवळून ओरडून सांगितलं, “बुटकी जात आहे, तातेराव! मोठी झाली तरी किलोभराचीच राहील. गवत आणि पाणी, बस्स. दुसरं काही देऊ नका.”

तातेरावांनी मान डोलावली. बैलांना सरळ करणाऱ्या माणसाला मूठभर सशाचं काय शिकवायचं, असं त्यांच्या मनात आलं असावं.

घरी त्यांच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी, खोकं उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. “दवाखान्यातलं दवाखान्यात ठिवायचं सोडून घरात काहून आनलं?”

पण दुपारी लाइट गेली, पंखा थांबला, पत्रे तापले आणि ते पिल्लू खोक्यात तोंड उघडून धापा टाकू लागलं. तेव्हा त्याच पार्वतीबाईंनी खोकं उचलून रांजणाजवळच्या गारव्याला नेलं, खिडकीला ओलं पोतं टांगलं आणि पदरानं वारा घालत बसल्या. दोन्ही लेकी नांदायला गेल्या होत्या. धाकट्या पुनमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. दिवसभर घरात बोलायला कुणी नसायचं. संध्याकाळी तातेराव आले तेव्हा पिल्लाचं नाव ठेवून झालं होतं. गुंजी.

हरळीच्या काड्या गुंजी कुरतडायची, पण एवढ्याशा तोंडानं ती किती खाणार! पार्वतीबाईंचा जीव तुटायचा. “लेकरू हाय. नुसत्या गवतावर कसं जगंल?” असं म्हणून त्यांनी भाकरीचा मऊ भाग गुळाच्या पाण्यात कुस्करून तिच्यापुढं ठेवला. गुंजीनं तो चाटून पुसून खाल्ला. पार्वतीबाईंना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच दोनदा दिलं. चौथ्या दिवशी सकाळी खोक्यातल्या कडक, गोल लेंड्यांच्या जागी चिकट घाण होती.

तातेरावांनी बघितलं. “पोट बिघडलं. गूळ बंद कर.”

पार्वतीबाई हापशावर गेल्या तेव्हा त्यांनी बॅग उघडली. वासरांच्या हगवणीची गोळी काढली, नखानं तिचा कण खरवडला, पाण्यात कालवला आणि ड्रॉपरनं गुंजीच्या तोंडात सोडला. शेकडो वासरं त्यांनी या गोळीवर उठवली होती. संध्याकाळी पुन्हा दिला, दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा. बायकोला सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्यांना वाटलंही नाही.

त्यानंतरच्या दुपारी गुंजी खोक्याच्या कोपऱ्यात पाठ वर काढून, डोळे अर्धे मिटून बसली होती. दात करकर वाजत होते. खालचं कापड पाण्यासारख्या हगवणीनं भिजलं होतं. बाहेर एवढं ऊन, आणि कान गार.

“आवं, कान बघा हिचे,” पार्वतीबाई म्हणाल्या. “काय हून राहिलं हिला?”

तातेरावांनी पोटाला हात लावला. पोट टम्म होतं, पण त्या हाताला काहीच कळेना. म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून वासरू फिरवणारा तो हात त्या एवढ्याशा पोटावर नुसता ठेवलेला राहिला.

“गूळ बाधला,” ते म्हणाले.

ते ऐकून पार्वतीबाई खाली बसल्या. “साहेब बराबर सांगून गेले व्हते. गवत अन् पानी. म्याच खाऊ घातलं. माझ्या हातानं केलं म्या.”

त्या संध्याकाळी त्यांनी तातेरावांना वाढलं आणि स्वतः ताट घेतलं नाही. तातेरावांनी दोनदा म्हटलं, मग एकटेच जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साहेबांना फोन लावायला एसटीडीवर गेले. साहेबांच्या नव्या दवाखान्यातल्या माणसानं साहेब उद्या येतील म्हणून फोन ठेवला. परत आले तर पार्वतीबाई कापसाच्या बोळ्यानं गुंजीच्या तोंडात पाणी पिळत होत्या. निम्मं पाणी बाहेर ओघळत होतं. मागचा भाग ओल्या फडक्यानं पुसायचा, कापड बदलायचं, पुन्हा पुसायचं, असा सगळा दिवस गेला. मधेच त्या खोक्यावर कान टेकवायच्या. श्वास ऐकू आला की सरळ व्हायच्या. तातेराव ओट्यावर बसून होते. एक शेतकरी बैलाला घेऊन आला, त्याला त्यांनी उद्या ये म्हणून परत पाठवलं. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी साहेब फोनवर भेटले. तातेरावांनी लक्षणं सांगितली. साहेबांनी लगेच विचारलं.

“तातेराव, तोंडातून अँटिबायोटिक तर नाही ना दिलं? सशाला ते चालत नाही. मरतो.”

तातेरावांनी एसटीडीच्या काचेच्या खोलीचं दार ओढून घट्ट लावलं. वासरांची ती गोळी अँटिबायोटिकच होती, पाकिटावरचं नाव त्यांना पाठ होतं.

“न्हाई, साहेब,” ते म्हणाले.

“मग आजच्या आज परभणीला न्या. तिथं जनावरांचं कॉलेज आहे, ससेही आहेत. वेळ घालवू नका.”

घरी पार्वतीबाई दारातच उभ्या होत्या. “गुळाचं सांगितलं का साहेबाला?”

“सांगितलं.”

“काय म्हनले?”

“गुळानं बिघडतं म्हनले.”

पार्वतीबाईंनी मान हलवली. हे वाक्य आपण का बोललो, ते तातेरावांना पुढं कित्येक वर्षं सांगता आलं नाही.

वसमतहून परभणीच्या गाडीत खिडकीतून झळा येत होत्या. पार्वतीबाईंनी गुंजीला ओल्या फडक्याऐवजी पदरात घेतलं होतं, कारण आता ती गारच पडत चालली होती. दोन दिवस त्यांच्या स्वतःच्या पोटातही काही नव्हतं. शेजारच्या बाईनं विचारलं, “लेकरू आजारी हाय का?” आणि पदरातले कान बघून तिनं तोंड फिरवलं.

कॉलेजच्या दवाखान्यात एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी गुंजीचे कान धरले, हिरड्या बघितल्या, पोटाला नळी लावून ऐकलं.

“तोंडातून काही औषध दिलं होतं?”

तातेरावांआधी पार्वतीबाईच बोलल्या. “औषध न्हाई, मॅडम. म्या गूळ दिला. भाकर अन् गुळाचं पानी. माझी चूक हाय.”

“गुळानं पोट बिघडेल, पण इतकं नाही,” मॅडम म्हणाल्या. “नीट आठवा. औषध दिलं असेल तर उपचार वेगळा करावा लागतो. नुसतं अंदाजानं केलं तर ही संध्याकाळपर्यंत राहणार नाही.”

टेबलावर गुंजीची मान एका बाजूला पडली होती. तातेरावांनी टेबलाची कड धरली.

“म्या दिलं,” ते म्हणाले. “वासराची गोळी. तीनदा.”

मॅडमनी गोळीचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मॅडम लगेच सलाईन काढायला वळल्या. पार्वतीबाई नवऱ्याकडं बघत नव्हत्या. त्या टेबलावरच बघत म्हणाल्या, “साहेबानं फोनवर इचारलं व्हतं का हे?”

“व्हय.”

“अन् तुमी?”

“न्हाई म्हनलो.”

मॅडमनी कातडीखाली सलाईन सोडलं. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना लावल्या. मग समजावून सांगितलं. सशाच्या पोटात चांगले जंतू असतात, त्यांच्यावरच त्याचं गवत पचतं. त्या गोळीनं ते मेले आणि वाईट तेवढे माजले. “वाचेल असं मी म्हणणार नाही. एक उपाय आहे. दुसऱ्या निरोगी सशाच्या पोटातले जंतू हिच्या पोटात घालायचे.”

तो उपाय गोपीचंद नावाच्या माणसाच्या हातात होता. तो कॉलेजचे ससे सांभाळायचा. “ससं पहाटं एक मऊ लेंडी टाकतं,” त्यानं तातेरावांना सांगितलं, “द्राक्षाच्या बारक्या घडावानी. अन् टाकली की लगेच सोताच खातं. ती खायच्या आत आपुन धरायची. पाण्यात कालवून पिल्लाला पाजायची. जमंल का बसायला?”

“बसतो,” तातेराव म्हणाले.

ते दोघं दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिले. पार्वतीबाई गुंजीजवळ, तातेराव दहा पावलांवर. गोपीचंदच्या घरून भाजी-भाकरी आली, ती त्यांनी खाल्ली. तातेरावांनी आपली भाकरी तशीच बाजूला ठेवली.

फटफटायला लागलं तसे तातेराव सशाच्या पिंजऱ्यापुढं उकिडवे बसले. तासभर एकटक बघत. पहिल्या सशानं मान खाली घातली आणि ते हात घालेपर्यंत गिळूनही टाकलं. दुसऱ्याच्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी त्यांच्या बोटांना तो मऊ, वास मारणारा घड लागला. तो ओंजळीत धरून ते पळतच व्हरांड्यात आले. पार्वतीबाईंनी वाटी पुढं केली, कालवलं, सिरिंजमध्ये भरलं आणि थेंब थेंब करून गुंजीच्या गालात सोडलं. थोडं बाहेर आलं. ते बोटानं निपटून पुन्हा आत सारलं.

दुपारी काही फरक नव्हता. संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, “अजून आहे, एवढंच म्हणते.” दुसरी पहाट, पुन्हा पिंजरा, पुन्हा सिरिंज. त्या दिवशी गुंजी एकदा इतकी ताठ झाली की ती गेली असं समजून पार्वतीबाईंनी तिचं तोंड झाकलं. मग फडक्याखाली नाक हललं. पार्वतीबाई तेव्हा पहिल्यांदा रडल्या, मोठ्यानं, लोक वळून बघू लागले तरी. तातेराव उठून जवळ आले. पार्वतीबाईंनी हातानंच त्यांना लांब राहायला सांगितलं.

चौथ्या दिवशी हगवण थांबली. पाचव्या दिवशी गुंजीनं हरळीची एक काडी तोंडात धरली, बराच वेळ धरूनच ठेवली, आणि मग चावली. खाली ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान अशी एक कडक लेंडी पडली होती. गोपीचंदनं ती उचलून उजेडात बघितली. “जमलं,” तो म्हणाला.

परतीच्या गाडीत तातेरावांनी वसमत येईपर्यंत शब्द जुळवले. “म्या तवाच सांगायला पायजे व्हतं.”

पार्वतीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. “औषध दिलं त्याचं न्हाई मला काही. कळलं न्हाई, म्हनून दिलं. म्या बी गूळ दिला.” त्या थांबल्या. “पर म्या मारलं तिला, असं धरून दोन दिवस उपाशी बसले. अन् तुमी माझ्यासमोर जेवत व्हते.”



गुंजी चार वर्षं जगली. पार्वतीबाई तिच्यासाठी रोज ओढ्यावरून हरळी आणायच्या आणि उन्हाळ्यात तिची जागा दिवसातून तीनदा बदलायच्या. तिच्या खोक्याला हात लावायची मुभा तातेरावांना वर्षभरानं मिळाली. गावात त्यांना ‘डॉक्टर’ म्हणणं काही थांबलं नाही, पण आलेल्या माणसाला ते आता पुष्कळदा सांगायचे, “हे मला समजत न्हाई. वसमतला न्या, उशीर करू नका.” काही लोक नाराज व्हायचे. म्हाताऱ्याचा हात गेला, म्हणायचे.

निवृत्तीनंतरच्या एका पावसाळ्यात पार्वतीबाईंना दोन दिवस ताप होता. तातेरावांनी कपाटातून एक गोळी काढली, पाण्याचा तांब्या भरला आणि त्यांच्यापुढं धरला. पार्वतीबाईंनी गोळीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. उठून लुगडं नीट केलं, पिशवी घेतली.

“म्या वसमतच्या डॉक्टरला दाखवून येते,” त्या म्हणाल्या. “तुमी घरी थांबा.”

आणि गाडी धरायला एकट्याच चालत निघाल्या.