आकाशातल्या दिव्यांची वही

आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही, ते लिहितो. आमच्या वहीची नक्कल बाहेर गेली, ती माझ्या हातून.

उडत्या तबकड्यांच्या नादाचे आम्ही चौघं. सांगली-साताऱ्याच्या शिवारात कुणाला विचित्र दिवे दिसले की तिथं जायचं, माणसाला बोलतं करायचं, वहीत उतरवायचं. रविवारी दुपारी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धं शटर ओढून बसायचो. मी, कॉलेजातले एक सर, साताऱ्याकडचे निवृत्त हवालदार आणि मिरजेत तंबोरे बनवणारे चाचा. उसावरच्या एका दिव्याची घरघर कुणीतरी मोबाइलवर घेतली होती. ती ऐकून चाचा म्हणाले, "पेटीची काळी चार. जरा बी सूर हलत न्हाई. ड्रोन हाय गड्यांनो."

"चाचा, तुमी सरकारचं मानूस दिसताय!" हवालदार म्हणाले. सगळे हसलो, चाचाही.

पुढं एका मंगळवारी साध्या कपड्यातला एक माणूस दुकानात आला. कुठला, ते त्यानं सांगितलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही. निवांत चहा प्यायला. "मुलगी पुण्यात ना? हॉस्टेलला, दुसऱ्या मजल्यावर?" मग म्हणाला, "ती वही द्या जरा काढून." मी अख्खी वही झेरॉक्स केली. घाईत चार पानं तिरकी आली. ती मी पुन्हा नीट काढून दिली.

रविवारी हवालदार आले ते घामाघूम. कुणीतरी फोनवर त्यांना आमच्याच वहीतलं वाचून दाखवलं होतं. "गेल्या आठवड्यात वही कुनाकडं हुती?"

"माझ्याकडं," चाचा म्हणाले. "आवाजाचं लिवायला नेलती. सोमवारी यांच्या हातात परत दिली की. इचारा."

तिघं माझ्याकडं बघत होते. मला मुलीच्या हॉस्टेलचा जिना दिसत होता. मी म्हणालो, "दिली खरी. त्याआधी कुणाला दाखवली, ते मला काय ठाऊक?"

चाचा उठले. चष्मा खिशात घातला, शटरखालून वाकून गेले. नंतर हवालदारांनी चार ठिकाणी सांगितलं, म्हातारा खबऱ्या निघाला. आमचं बसणं मोडलं. तो माणूस पुन्हा कधी आला नाही, तरी अनोळखी नंबर वाजला की मी अजून फोन उचलत नाही. मिरजेला दवाखान्यात जायचं झालं तरी मी चाचांची गल्ली टाळतो.

हवालदार आणि सर यांना घेऊन चाचांच्या दारात जायचं आणि त्या दोघांच्या देखत खरं बोलायचं, एवढं माझ्याकडून राहिलं आहे. चाचा सत्तरीपुढचे आहेत. मी अजून गेलेलो नाही.