'केपर' या शब्दाचा अर्थ आणि दिनकरराव मास्तरांची नोकरी

पिंगळीचे दिनकरराव मास्तर नऊ वर्षे हंगामीच राहिले. देवगाव फाट्यापलीकडच्या एका शाळेत ते इंग्रजी शिकवत. इंग्रजी शब्दाचा अर्थ उर्दूतूनच सांगावा, असा निजाम सरकारचा दंडक होता. वर्गात घरी उर्दू बोलणारी मुले तीन आणि मराठी बोलणारी एकतीस, हे सरकारने कधी विचारले नव्हते. फसली तेराशे पन्नास साली, म्हणजे इसवी एकोणीसशे चाळीस-एक्केचाळीसात, इन्स्पेक्टर पाठ पाहायला येणार होते. पाठ पसंत पडला तर मास्तर कायम होणार. नाही तर हेडमास्तर व्यंकटरावांचा जावई त्या जागेवर टपून बसलाच होता.

धड्यात 'केपर' हा शब्द होता. दिनकररावांनी कोश धुंडाळला. लॅटिनमध्ये केपर म्हणजे बोकड. त्याच कुळातला इटालियन शब्द उडीसाठी रूढ झाला आणि इंग्रजीत येता येता त्याचा अर्थ बागडणे असा झाला. असा शब्द नुसता घोकून घेणे त्यांच्या जिवावर आले. ते शेजारच्या कडूबाईकडे करडू मागायला गेले.

"गुरुजी, साहेबाला कापून घालायलाव का काय? तसं असंल तर देत न्हाई."

"शाळेत शिकवायला हवंय."

"करडाला शिकवून तालुकदार करायलाव व्हय!" म्हणत तिने दोरी हातात दिली.

रानात दिवसभर उधळणारे ते करडू इन्स्पेक्टरांसमोर खांबासारखे उभे राहिले. मास्तरांनी त्याला चुचकारले, ढोसले, व्यर्थ. शेवटी त्यांनी शेरवानीची बटणे सोडली, गुडघे वाकवले आणि दोन्ही पाय एकदम उचलून तिरपी उडी घेतली.

"करडावानी बागडायलेत गुरुजी!" अख्खा वर्ग ओरडला.

अर्थ अचूक होता. पण इन्स्पेक्टर लखनौचे. त्यांना मराठीचे अक्षर कळत नव्हते. त्यांनी व्यंकटरावांना विचारले, "बच्चे क्या कह रहे हैं?"

ज्यांच्या मातोश्रींना मराठीवाचून दुसरी भाषा ठाऊक नव्हती, ते व्यंकटराव अदबीने म्हणाले, "हुजूर, उस्ताद को जानवर कह रहे हैं।"

"हुजूर, लफ्ज के सही मानी बता रहे हैं," दिनकरराव स्वच्छ उर्दूत म्हणाले.

"आपसे पूछा नहीं गया।" इन्स्पेक्टरांनी त्यांना तोडले.

जावयाची नेमणूक झाली. दिनकररावांना महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली. त्यांनी चार पानी तक्रार लिहिली, तीही उर्दूत, एक नुक्ता न चुकवता. कचेरीतून ती जशीच्या तशी परत आली, वर शेरा: हेडमास्तरांमार्फत पाठवावी.

त्यांनी ती व्यंकटरावांच्या टेबलावर ठेवली.

"सही करा."

"दिनकरराव, पोटच्या लेकीचं बघावं लागतं हो माणसाला."

"मग तसंच लिहा खाली, आणि सही करा."

व्यंकटरावांनी दौतीला बूच लावले. घंटा झाली, वर्गात गलका उसळला; दिनकरराव टेबलासमोरून हलले नाहीत.