सोमवारी थांबलेले माग

आमच्या माडीवर कोणीतरी राहायला आले पाहिजे, ही अट माझ्या मुलाची होती. यजमान न्हाणीघरात पडले आणि मला एकटीला ते उचलवेनात, ही हकीकत मी त्याला जशीच्या तशी सांगितली, तिथेच चुकले. "दिवाळीपर्यंत वर माणसं येऊ देत," तो पुण्याहून फोनवर म्हणाला, "नाहीतर तुम्ही दोघं इकडे या. घर काढून टाकू."

पण सोलापुरात नव्याने राहायला येतो कोण? इथली मुले शिकतात आणि पुण्याची गाडी धरतात. दोन महिने माडी रिकामीच राहिली. मग भाचीच्या ओळखीतून एका जोडप्याचा फोन आला. दोघांचेही काम घरी बसून, संगणकावरचे. पुण्यात दोन खोल्यांना जाते त्याच्या निम्म्या भाड्यात त्यांना इथे गच्चीसकट अख्खी माडी मिळणार होती.

"काकू, शांत आहे ना?" त्या मुलीने विचारले. "आमचे दिवसभर कॉल असतात."

"अगदी शांत," मी म्हणाले.

ते बोलताना मी खोटे बोलत नव्हते. फोन ठेवला आणि मला माग ऐकू आले. आमच्या मागच्या भिंतीला लागून टॉवेलच्या आठ यंत्रमागांची शेड आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तो खडखडाट इतका सवयीचा झाला होता की तो आवाज आहे हेच मी विसरले होते. त्याच क्षणी उलट फोन करून सांगता आले असते. मी तो केला नाही. उलट, घर पाहायला रविवारी या, असे कळवले. रविवारी मागांना सुट्टी असते.

शनिवारी त्यांचा निरोप आला, रविवारी जमत नाही, सोमवारी अकराला पोहोचतो.

शेडचे मालक घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. रविवारी त्यांच्या दारात जाऊन मी बराच वेळ हवापाण्याचे बोलले आणि शेवटी म्हणाले, "अण्णा, उद्या अकरा ते एक जरा बंद ठेवता येतील का?"

"काय बंद?"

"माग."

कारण ऐकून ते मोकळेपणी हसले. "मुलगी दाखवायला काढली की काय मॅडम! दाखवताना तोंड बंद, लग्न झाल्यावर मग बोलंल!"

"एवढं एकदाच."

"ठेवतो की. आजवर तुम्ही कधी काही मागितलं नाही."

त्यांच्या कामगारांना नगावर मजुरी मिळते हे मला ठाऊक होते. तो विषय मी काढला नाही.

सोमवारी अकराला पाच मिनिटे असताना एकेक करून आठही माग थांबले. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेले यजमान, गल्लीचे सर, एकदम ताठ झाले. "कोण गेलं?"

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आमच्या गल्लीत कामाच्या दिवशी माग एकाच कारणाने थांबतात. कोणाच्या घरी मृत्यू झाला, की अंत्ययात्रा निघेपर्यंत ते बंद असतात.

"कोणी नाही. तुम्ही पेपर वाचा," मी म्हणाले, तोच दारात रिक्षा थांबली.

मी त्या दोघांना माडीवर नेले. मुलीने खिडक्या उघडल्या आणि गॅलरीत उभी राहून डोळे मिटले. "किती शांत आहे हो काकू." तिचा नवरा फोन वर धरून रेंज पाहत होता. तेवढ्यात खाली चपलांचे आवाज आले. वाकून पाहिले तर समोरच्या घरातली बाई डोक्यावर पदर घेऊन उभी, तिच्यामागे कोपऱ्यावरचा शिंपी, आणखी चार-पाच बायका, आणि कडेला हात बांधून उभे असलेले पुरुष. मी अनोळखी माणसांसोबत दिसताच समोरच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"धीर धरा वो बाई! सर गेले आन् आमाला सांगितलंबी न्हाई! पुण्याचे पाव्हणे आले की वो!"

"काकू," ती मुलगी माझ्याकडे वळली, "काका खाली बसले होते ना आत्ता?"

काठी टेकत यजमान उंबऱ्यापर्यंत आले. "मी आहे अजून. पण गेलं कोण?"

"अगं बाई! मग माग कशापायी बंद हायती?"

"लाईट गेली असंल," शिंपी म्हणाला.

ते उत्तर मला आयते मिळाले होते. परंतु आमच्या मागे खोलीत पंखा फिरत होता.

"मी बंद ठेवायला सांगितले," मी म्हणाले. खाली कोणाला ऐकू गेले नाही. "काय म्हन्ल्या?" म्हणून पुन्हा, पूर्वी कधी काढला नव्हता एवढ्या आवाजात सांगावे लागले, "घर शांत वाटावं म्हणून मी माग बंद ठेवायला सांगितले!"

मग समोरच्या बाई म्हणाल्या, "आन् मी फोडणी टाकून पळत आले की! करपली असंल तिकडं!" हसत, कुरकुरत गर्दी पांगली. अण्णांनी माग सुरू केले. खिडकीची तावदाने थरथरू लागली.

मुलीने खिडक्या लावून घेतल्या. आवाज कमी झाला, थांबला नाही. "आणखी काय सांगायचं राहिलंय, काकू?" तिने विचारले. तिच्या स्वरात राग नव्हता आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले.

मी सांगितले. नळाला पाणी रोज येत नाही, टाकीवर भागवावे लागते. मे महिन्यात या खोल्या संध्याकाळपर्यंत तापलेल्या असतात. आणि मग, यजमानांनाही न सांगितलेले: "हे पडले तर धावून यायला कोणीतरी असावे, म्हणून माडी द्यायची आहे. नाहीतर मुलगा आम्हाला इथून नेणार."

तिच्या नवऱ्याने फोन खिशात ठेवला. "म्हणजे तुम्हाला भाडेकरू नकोत. लक्ष ठेवणारं माणूस हवंय."

"हो."

त्यांनी चहा घेतला आणि विचार करून कळवतो म्हणून गेले. पुढचे तीन दिवस फोन वाजला की माझ्या हातातले काम थांबे. चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"येतो आम्ही. पुढच्या खोलीत काम करता येईल. पण काकू, काकांची जबाबदारी आम्ही घेणार नाही. हाक मारलीत तर येऊ, पण ते धरून चालू नका. हे तुमच्या मुलाला स्पष्ट सांगा."

मी मुलाला शब्दशः तेच सांगितले.

"मग त्यांना ठेवायचं कशाला?"

"राहायला."

"आणि बाबा पडले तर?"

तेव्हा मी त्याला सोमवारची गोष्ट सांगितली. कोण कोण आले, कसे आले, फोडणी कशी करपली. शेवटी त्याने एवढेच विचारले, "किती वेळात आले सगळे?"

"पाहुण्यांचा अजून चहासुद्धा झाला नव्हता."

तो म्हणाला, "बाबांना दे."

मी फोन यजमानांच्या हाती दिला. पलीकडचे मला ऐकू येत नव्हते. ते नुसते हं, हं करत राहिले आणि मग म्हणाले, "नाही रे. दिवाळीला तूच इकडे ये."