धोंड्याचा महिना

"लाज आसा काय तुका?" दूधवाला असो, नळावर रांग मोडणारी असो, काकूंचा सवाल एकच. घाटकोपरच्या चाळीत त्या आमच्या शेजारी राहायच्या. मालवणकडच्या, नवरा गेलेला, जीभ तिखट. अशा बाईला सगळी चाळ घाबरते आणि अडीअडचणीला तिच्याच दारात जाते, हे तुम्हीही पाहिलं असेल.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं गोराईच्या ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. मुलगा साकीनाक्याला फिटर होता. काकूंनी मुलीचं नाव टाकलं. "पायार धोंडो पाडून घेतल्यान," एवढंच म्हणायच्या.

मग अधिक महिना आला. चंद्राचे महिने सूर्याच्या वर्षाला तोकडे पडतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा धरतात. पंचांगात तो अधिक मास. चाळीतल्या बायकांचा मात्र धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे, अनारसे वाढायचे. घराघरात जावई जेवत होते. काकूंचं दार लोटलेलं.

एका रविवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांची फणी.

"आई, धोंड्याचा महिना ना? बोलावणं नाही आलं, मग मीच आलो."

काकूंनी त्याला आत घेतलं नाही. गॅलरीत पान मांडलं, भात-आमटी वाढली आणि आत निघून गेल्या. सगळी चाळ बघत होती. तो मान खाली घालून सगळं जेवला, स्वतःच पान उचललं, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि गेला.

संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या.

"तू बघलंस मा?"

"बघितलं."

"कुत्र्याक घालतत तसा घातलंय मिया."

त्यानंतर त्यांनी कोणाला लाज विचारली नाही. नळावर भांडणं व्हायची, त्या हंडा घेऊन मुकाट मागे उभ्या. मुलीला मुलगी झाल्याचं कळलं. मी म्हटलं, जाऊन या.

"खंयच्या तोंडान?"

पुढचा धोंड्याचा महिना आला, तेव्हा मात्र त्याच मला म्हणाल्या, "आता तो येवचो नाय. माकाच जावक व्हया. तू येतंस?"

आम्ही निरोप पाठवला आणि निघालो. खाडीला ओहोटी होती. होडी गोराईच्या काठाजवळ चिखलात अडली. तो काठावर उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरला. बाकीचे उतरले. काकू बसूनच.

"आई, हात द्या."

"मिया तुका भायेर जेवक वाढलंय रे."

"जेवलो ना पण," तो म्हणाला. "चला, तुमची नात वाट बघते."

काकूंनी पदर तोंडावर ओढला. त्यानं त्यांना लहान मुलासारखं उचललं आणि चिखलातून चालू लागला. काठ आला, त्यानं त्यांना खाली ठेवलं, तरी पदर काही बाजूला झाला नाही.