पोळ्याच्या दिवशी जू

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण नानांचं, माझ्या थोरल्या काकांचं. वडील लवकर गेले. नानांनी दोंडाईच्याजवळची आमची कोरडवाहू जमीन एका बैलजोडीवर कसली आणि मला धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी.

गुडघे गेल्यावर नानांनी बैल विकले. पुढच्या पोळ्याला रिकाम्या गोठ्यासमोर बसायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून मी त्यांना जळगावला माझ्याकडे आणलं. जामनेर रस्त्याला जुनी शेती जशीच्या तशी करून दाखवणारं एक संग्रहालय नुकतंच सुरू झालं होतं. तिथे मोट चालते, खळ्यावर मळणी होते, खरे बैल आहेत. बायको, मुलगी, नाना असे आम्ही निघालो. नानांच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. पोळ्याला बैलाला घास दिल्याशिवाय ते जेवत नाहीत.

आत पाहतो तर शिंगं रंगवलेली, झूल घातलेली जोडी गाडीला जुंपलेली, आणि फेरीसाठी लोकांची रांग. नाना थबकले.

"आज पोया शे ना रे? मंग जू कसं?"

आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळायचे आणि पोळ्याला त्यांवर जू ठेवायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तिथला व्यवस्थापक मात्र म्हणाला, "आबा, आज गर्दी आहे. उद्या देऊ त्यांना आराम."

नाना डबा घेऊन बैलांपुढे जाऊन उभे राहिले. "जू उतारा. मंग मी बाजूले व्हस."

रांगेतली एक बाई ओरडली, "आबा, बैलाला विचारलं का तुम्ही?"

"इचारं ना! तो म्हने, आज बाईले वढू दे, मी वर बठस."

रांग हसली, ती बाईही हसली. व्यवस्थापक हसला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुम्ही शिकलेले दिसता. तुम्हीच समजवा यांना."

"यांनीच शिकवलंय मला," मी म्हणालो. "आज ही गाडी चालणार नाही."

मी नानांशेजारी उभा राहिलो. मग मुलगी आली, मग बायको. रांग कुरकुरत पांगली. शेवटी गाडीवाल्यानं जोतं सोडून जू उतरवलं. नानांनी दोघा बैलांना पोळी भरवली, त्यांच्या खांद्यांवरून हात फिरवला.

"पुन्हा येऊ नका," व्यवस्थापक म्हणाला.

घरी आल्यावर नाना म्हणाले, "मन्हामुये तुले चार लोकंमा खाली पाहनं पडनं." दुसऱ्या दिवशी सकाळीच गावी निघून गेले. फोनवर तो विषय काढू देईनात. म्हणून पत्र टाकलं:

"नाना, पाया पडतो.

मी खाली पाहिलं नव्हतं. त्या दिवशी माझी मान जितकी ताठ होती, तितकी पदवी घेतानाही नव्हती. आपल्या बैलांच्या खांद्यांवर मी शिकलो. बैलांसाठी वर्षातला एक दिवस मागायला मला लाज कसली? संग्रहालयाला मी कळवलंय, पुढच्या पोळ्याला गाडी जुंपली तर आम्ही पुन्हा येणार. आत घेतलं नाही, तर फाटकाशी उभे राहू. तुम्ही मात्र यायचंच. डबा त्या वेळी मोठा घेऊ."